आईला निकाल सांगू नकोस, प्रश्न विचार

पत्र

ताई, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. कोल्हापुरात वसतिगृहात राहते, घर शिरोळ तालुक्यात. बाबांचा तीन एकर ऊस आहे. समाजशास्त्र घेतलं ते वेळापत्रकात बसत होतं म्हणून. सुरुवातीला कंटाळा आला. लोकरूढी, लोकनीती, प्राथमिक समूह, अर्पित दर्जा... सगळं आधीच माहीत असलेलं, फक्त नावं अवघड. मग कुटुंब आणि सामाजिक स्तरीकरण (समाजातली उच्च-नीच उतरंड) ही प्रकरणं झाली आणि उलटंच झालं. आता काहीच साधं दिसत नाही. लग्नाला गेले तर मानपान दिसतो, जेवायला बसले तर कोण आधी बसतंय आणि कोण शेवटी ते दिसतं. दिवाळीत घरी गेले होते. ऊसतोड चालू होती, घरात गडबड होती. आई नेहमीसारखी बाबांना आणि दादाला वाढून स्वतः शेवटी बसली. मी म्हणाले, "आई, तू पितृसत्ता आत्मसात केलीयस." तिने अर्थ विचारला, मी सांगितला. ती म्हणाली, "म्हंजे माझं समदं आयुष्य चुकलंच म्हण की." तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोललेली नाही.

दुसरं म्हणजे, बारावीला मला 84 टक्के पडले. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आता वर्गात शिकवतात की असं यश सांस्कृतिक भांडवलामुळे मिळतं. मग मी काय केलं? दादा म्हणतो, हा विषय डोकं फिरवतो आणि नोकरीही देत नाही, बदलून घे. बदलू का?

उत्तर

बदलू नकोस. तुझ्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत: या विषयात नवं काहीच नाही, आणि या विषयाने सगळंच बदलून टाकलं. एकाच मुलीला एकाच वर्षात दोन्ही वाटतात, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच असतं. संकल्पना म्हणजे ओळखीच्या गोष्टीला लावायचं नाव, असं तू धरून चालली आहेस. आधी ते नाव निरुपयोगी वाटलं. मग तेच घेऊन तू आईपुढे उभी राहिलीस. पण संकल्पनेचं काम वेगळं आहे. जो प्रश्न एरवी सुचलाच नसता, तो तिने सुचवायचा असतो. तेवढं ती करत नसेल तर तुझा कंटाळा खरा आहे, खुशाल कंटाळ.

एक उदाहरण देते आणि जरा सविस्तर देते, कारण ते प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात सांगायला हवं असं मला वाटतं. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर या मानवशास्त्रज्ञांच्या चर्चासत्रात, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. त्यांना नुकतीच पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती, ते विद्यार्थीच होते. जात म्हणजे काय, हे त्या काळी कुणाला माहीत नव्हतं? सती, विधवांवरची बंधनं, बालविवाह यांवर तर आपल्याकडे कितीतरी वर्षं वाद झडत होते. पण ते तीन वेगवेगळ्या दुष्ट चाली म्हणून. बाबासाहेबांनी अंतर्विवाह ही एकच संकल्पना हातात घेतली, म्हणजे लग्न आपल्याच गटात करायचं हा नियम, आणि विचारलं: हा नियम टिकवायचा असेल तर गटाला काय काय करावं लागेल?

लग्नाच्या वयाचे पुरुष आणि बायका यांची संख्या जुळती ठेवावी लागेल. आता नवरा आधी मेला की एक बाई जास्त होते. तिने गटाबाहेर लग्न केलं तर नियम मोडतो. गटातल्या गटात केलं तर एखाद्या मुलीच्या वाट्याचा नवरा जातो. मग तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा म्हणून ठेवायचं. बायको आधी मेली तर पुरुष जास्त होतो. पण त्याला कुणी जाळत नाही. सत्ता त्याच्या हातात आहे आणि गटालाही तो हवा आहे. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादणं अवघड, तेव्हा त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली पोर आणायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही एकाच हिशेबातून निघतात. पुढे त्यांनी असंही मांडलं की एका वर्गाने आपलं दार लावून घेतलं. काहींनी त्याचं अनुकरण करून आपापली दारं लावली, आणि उरलेल्यांना ती बंद आढळली.

हे तुला आधीच माहीत होतं का? मलाही विद्यार्थी असताना तो निबंध वाचेपर्यंत असा विचार शिवला नव्हता. अंतर्विवाह हे नाव अवघड आहे म्हणून नव्हे, तर त्या नावाने विखुरलेल्या तीन गोष्टी एका दोरीत ओवता आल्या म्हणून ते ठेवण्यासारखं आहे. निबंध फार मोठा नाही, मराठीतही मिळतो. परीक्षेच्या टिपणांआधी तो वाच.

आता हीच कसोटी तुला कंटाळा आणणाऱ्या 'अर्पित दर्जा'ला लाव. जन्माने मिळतो तो अर्पित, कर्तृत्वाने मिळतो तो अर्जित, ही विभागणी अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी 1936 साली केली आणि तेव्हापासून ती दोन खणांच्या तक्त्यात पाठ होत आली आहे. तू तुझ्या आईला त्या तक्त्यात बसव. 'सून' हा दर्जा कुठल्या खणात? तो जन्माने आलेला नाही. तिने कमावला असंही म्हणता येत नाही. लग्न ठरवताना तिला कितपत विचारलं गेलं होतं कुणास ठाऊक. 'अमक्याची आई' हा दर्जा? तक्ता इथे अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथेच तुझा खरा अभ्यास सुरू होतो.

आईवर येऊ. तू जे बोललीस त्यात प्रश्न नव्हता, निकाल होता. तोही तिच्या कष्टांवर शिकणाऱ्या लेकीने, तिला न कळणाऱ्या शब्दांत दिलेला. तिला लागणारच. पण मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे: समाजशास्त्र म्हणूनही ते वाक्य कच्चं आहे. 'आत्मसात केलंस' म्हटलं की आईने स्वतः काही जोखलं नाही, काही ठरवलं नाही, साच्यात ओतलं तशी ती घडली, असा अर्थ होतो. बायकांचं जगणं असं नसतं.

डेनिझ कांदियोती या तुर्की अभ्यासक बाईंनी 1988 साली यावर फार नेमकं लिहिलं. त्या म्हणतात, बायका पितृसत्तेशी सौदा करतात. सासरी आलेली मुलगी घरात सगळ्यांत खालच्या पायरीवर असते. मुलगा होतो, वय वाढतं, सून येते, आणि मग तिचा शब्द चालायला लागतो. तरुणपणी सोसायचं ते पुढे मिळणाऱ्या अधिकाराच्या भरवशावर. मध्येच काळ बदलला, मुलं वेगळी राहू लागली, सुना नोकरीला जाऊ लागल्या, की या पिढीच्या बायकांनी किंमत भरून झालेली असते आणि मोबदला मिळायच्या वेळी सौदाच मोडतो. म्हणून कधी कधी थोरल्या बायकाच जुनी रीत सर्वांत घट्ट धरून बसतात. आता तुझ्या आईचं वाक्य पुन्हा वाच. "माझं समदं आयुष्य चुकलंच म्हण की." भरलेली किंमत वाया गेली असं तिला तिच्याच मुलीने सांगितलं, असं मला त्यात ऐकू येतं.

तेव्हा आधी माफी माग. अभ्यासाचा भाग म्हणून नाही, लेक म्हणून. आणि तिच्या बोलण्याला उत्तर दे, कारण ते टाळण्यासारखं नाही. पंगतीचा नियम तिने केलेला नाही. त्या नियमात राहून तिने तुला कोल्हापूरपर्यंत पोचवलं, ते मात्र तिने केलेलं आहे. हे तुझ्या भाषेत, घरच्या बोलीत सांग.

मग, ती बोलायला लागली की, विचार. माहेरी पंगत कशी बसायची? सासूबाई होत्या तेव्हा शेवटी बसल्यावर ताटात काय उरायचं? आता सगळं तिच्या हातात असताना ती शेवटी का बसते? सगळे उठून गेल्यावर निवांत जेवता येतं, कुणी हाक मारत नाही, असं सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत आणि ते सांगणं खोटं नव्हतं. कधी आधी बसावंसं वाटलं का? बसली का? कुणी काय म्हटलं? या उत्तरांतून तुला जे कळेल ते तुझ्या पुस्तकातल्या कुटुंबाच्या प्रकरणात नाही.

आणि आपल्या आज्या-पणज्या याबाबत मुक्या होत्या असंही समजू नकोस. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, बाईच्या जन्माचं दुःख, भावाने आठवण न ठेवणं, सगळं त्यात आहे. जात्यावर बसलेल्या बाईला आपलं जगणं दिसत नव्हतं असं त्या वाचल्यावर कुणी म्हणणार नाही. तिच्याकडे जे नव्हतं ते होतं ऐकणारं माणूस.

इरावती कर्वे यांचं नाव तुझ्या अभ्यासक्रमात येईलच. भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचं त्यांचं काम जगभर वाचलं जातं. त्या एकदा दिंडीबरोबर पंढरीच्या वाटेने चालल्या. दिंडीत ब्राह्मण बायका होत्या, मराठा बायका होत्या, भजन एक होतं आणि जेवण वेगळं. ते त्यांना सललं आणि त्यांनी तसं लिहिलं. पण त्याच लेखात, ज्या देशाचे लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्याही सापडल्याचं त्यांनी लिहिलं. भेद दिसला म्हणून भक्ती खोटी ठरवली नाही, आणि भक्ती खरी म्हणून भेद झाकला नाही. तुला लग्नात मानपान दिसायला लागलाय ना, तसंच बघायला शीक. मांडवात मानपान असतो आणि मुलीच्या पाठवणीला रडणारी मावशीही खरीच असते.

आता तुझे 84 टक्के. सांस्कृतिक भांडवल ही पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांची संकल्पना. घरात पुस्तकं असणं, घरची भाषा शाळेच्या भाषेसारखी असणं, मोठ्या माणसांशी न बिचकता बोलायची सवय असणं: शाळा ज्याला हुशारी म्हणून गुण देते त्यातलं बरंच काही घरून येतं, असं ते म्हणतात. नीट बघ, ही संकल्पना तुझं यश तुझ्याकडून काढून घेत नाही. ज्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं तिथली मुलगी 84 मिळवते, तेव्हा ती संकल्पना सांगते की तुझ्या वाटेला चढ होता आणि तो तू चढलीस. वर्गात तुला उलटं ऐकू आलं, कारण समूहाबद्दलचं विधान तू एका माणसाला लावलंस. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राईट मिल्स यांनी 1959 साली दिलेलं उदाहरण सोपं आहे: एक लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याच्या स्वभावाकडे, कौशल्याकडे बघा, पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर उत्तर त्या दीड कोटींच्या स्वभावात सापडणार नाही. दोन्ही पातळ्या खऱ्या आहेत. मात्र एकीवरचं उत्तर दुसरीला चिकटवायचं नाही. आणि बूर्द्यू स्वतः फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या एका खेड्यातले, टपाल खात्यात काम करणाऱ्याचे चिरंजीव. आपल्या संकल्पनेला अपवाद म्हणूनच ते वाढले आणि त्यामुळेच ती त्यांना दिसली असं मला वाटतं.

तुझ्या यशात दुसऱ्यांचा हात नाही असंही नाही. तू ज्या जिल्ह्यात राहतेस तिथे शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधीच कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहिली होती. तू एसटीने शाळेला जात असशील तर मुलींचा मोफत पास तुझ्या दप्तरात असेल. कुणीतरी, कधीतरी, सार्वजनिक पैशाने काही ठरवलं म्हणून चढ थोडा कमी झाला. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. कृतज्ञ राहा, आणि तो पास अजून कुणाला मिळत नाही ते बघ.

एक सवय लावून घे. प्रत्येक संकल्पनेसाठी वहीचं एक पान. त्यावर तिने दाखवलेली एखादी नवी गोष्ट लिही आणि ती जिथे अपुरी पडते ती जागाही लिही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण घे. 1952 साली कर्नाटकातल्या कुर्गवरच्या पुस्तकात त्यांनी मांडलं की खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे आचार, विधी, शाकाहार उचलून दर्जा वाढवू पाहतात. तुला आसपास शंभर उदाहरणं सापडतील. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला तो कुणाचं अनुकरण करून? तिथे तर ती शिडीच नाकारली होती. संस्कृतीकरण त्या दिवसाबद्दल काही सांगू शकत नाही. हे लिहिता आलं की विषय तुला कळू लागला.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देते. नुसत्या बी.ए.वर नोकरी मिळत नाही, तो म्हणतो ते खोटं नाही. पण विषय बदलून तो प्रश्न सुटत नाही. संख्याशास्त्राची तोंडओळख करून घे, सर्वेक्षणाची प्रश्नावली भरायला आणि तपासायला शीक, इंग्रजी वाचन वाढव. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, स्पर्धा परीक्षा, सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, संशोधन संस्थांमधली क्षेत्रकामं, या वाटा त्यातून निघतात.

आता तुझ्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं त्याकडे येते. ते तू जाता जाता लिहिलंस. "ऊसतोड चालू होती, घरात गडबड होती." ऊस कोण तोडत होतं?

स्वयंपाकघरात कोण शेवटी बसतं ते तुला दिसलं. फडात कोण होतं त्याबद्दल पत्रात अक्षर नाही. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाने हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते, ती फेडायला पुढचे पाच-सहा महिने. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पैसे टनावर आणि जोडीचे. म्हणजे बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते, कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, परतून भाकऱ्याही तीच थापते. आणि तिची वेगळी मजुरी कुठल्याच कागदावर नसते. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. पोरांच्या शाळेचं अर्धं वर्ष कोपीवर जातं. कुटुंब, श्रमविभागणी, दर्जा आणि भूमिका, स्तरीकरण, सांस्कृतिक भांडवल: तुझा सगळा अभ्यासक्रम तुमच्या बांधावर उतरला होता.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. पंगतीत तू आणि आई मागे आहात, आणि फडात तू मालकाची मुलगी आहेस. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्यात बाबांना खलनायक करू नकोस. तीन एकरवाल्याला तोड वेळेवर मिळवण्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागतात, टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, किती द्यावी लागते, बिल कधी जमा होतं, हे त्यांनाही विचार. त्यांची बाजू ऐकल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही.

संक्रांतीला घरी जाशील तेव्हा हंगाम चालूच असेल. कोपीवर जा, पण एकटी जाऊ नकोस. आई बोलायला लागली असेल तर तिला बरोबर ने, तिला त्या बायकांशी बोलायला तुझ्यापेक्षा चांगलं जमेल. संध्याकाळी त्या दमलेल्या असतात. बोलायचं नसेल तर परत फिर. पहिल्याच भेटीत उचलीचा आकडा विचारू नकोस, ते कर्ज आहे आणि कर्जाबद्दल परक्याशी कुणी बोलत नाही. फोटो काढू नकोस. गाव कुठलं, पोरं कितवीत होती, इथे कितव्यांदा आलात, एवढ्यावर सुरुवात कर. त्या जे सांगतील ते ज्यांचा ऊस त्या तोडताहेत त्या घरच्या मुलीला सांगितलेलं असेल. मुकादम जवळ उभा असेल तर आणखीच जपून. म्हणून वहीत प्रत्येक उत्तराशेजारी लिहून ठेव: विचारणारी कोण होती, आणि तेव्हा तिथे आणखी कोण होतं.